मागच्या दाराची पाटी

नंदनवन, नागपूर
२१ ऑक्टोबर २०२४

तुळसाबाई, सप्रेम जयभीम.

त्या सकाळी नळ सहाला आला होता. मी दोन गुंड भरून घेतले, टाकीत पाइप सोडला, रात्रीची भांडी घासली. कणीक भिजवून झाकून ठेवली. धुणं पिळून बादलीत ठेवलं होतं, पण वाळत घालायचं राहिलं, कारण हे मागच्या अंगणात काम करत होते आणि मला बाहेर येऊ देत नव्हते. मांजर ओट्यावर बसून दाराकडं बघत होती. मी आतून विचारलं, "चहा टाकू का?" बाहेरून आवाज आला, "टाक. दार नको उघडू." मग मी वांग्याच्या फोडी करून पाण्यात टाकल्या. एवढंच. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नाही, पण हल्ली झाडू हातात घेतला की तीच सकाळ समोर येते.

एवढ्या महिन्यांनी पत्र, आणि त्यात भांडी-धुणी, असं तुम्ही म्हणाल. तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही "हो हो" म्हणायचं, एवढंच होतं. मागं तुम्हीच म्हणाल्या होत्या, "पत्र लिही वं, डोळे शाबूत आहेत माझे." खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये मी किराण्याच्या पुड्या सोडून सोडून वाचायला शिकले आणि अडलेलं अक्षर घेऊन तुमच्या दारात यायची. म्हणून तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही.

प्रशिकचे बाबा गेले त्याला आठ महिने झाले. मी बरी आहे. पुस्तकं वाचते. यंदा दीक्षाभूमीवर गेले नाही, प्रशिक लेकीला, पायलला, घेऊन जाऊन आला.

काम असं आहे. आमची मांजर तुम्ही पाहिली नसेल. चार वर्षांपूर्वी पायलनं उचलून आणलेलं पिल्लू, पण पोरीला शिंका यायला लागल्या म्हणून आजोबांनी इकडं आणली. मांडीवर घुरघुर करायची तर हे म्हणायचे, "पाहा, टर्बाइन सुरू झालं." त्याचं झालं टर्बी. ती जन्मात घराबाहेर गेलेली नाही. आता दोन महिन्यांपासून स्वतःच्या पोटावरचे केस चाटून चाटून काढते. पोट उघडं पडलं आहे. अर्धी भाकरसुद्धा खात नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या रितिका डॉक्टर म्हणाल्या, औषधानं होणार नाही, हिला ऊन पाहिजे, माती पाहिजे, बाहेर न्या.

तुमच्याकडं कायम मांजरी असायच्या. घरातल्या मांजरीला बाहेर कसं न्यायचं ते कळवा.

तुमची
दीपमाला


खापरखेडा
२९ ऑक्टोबर

दीपा, जयभीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे तुझं, ओळ उजवीकडं चढत जाते.

मांजरीले शिकवायचं काय असते वं? माझ्या घरी सात मांजरी झाल्या, एकीलेही मी दार दाखवलं नाही. उलट घरात ये म्हणून बोंबलत बसावं लागे. तरी विचारलं म्हणून सांगते. पायाले तूप लाव. चाटत चाटत पाय ओळखीचे होतात, मग बाहेरची जमीन परकी वाटत नाही. असं माझी आजी म्हणे. खरं-खोटं तिले माहीत.

दुसरं, उपाशी असताना ने. तिसरं, तू स्वतः आधी बाहेर जाऊन बस. आपण दारात उभं राहून मांजरीले "जा" म्हटलं तं ते कायले जाईन?

अन् लोक काय म्हणतील म्हणून थांबू नको. आनंदराव गेले म्हणून तू काय कपाटात ठेवायची वस्तू झाली नाही. मले विधवा होऊन बत्तीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही दाराआड बसली होती. मग अनुकंपावर प्लांटमध्ये नोकरी लागली अन् पायपीट करावीच लागली.

तुळसा


नंदनवन
९ नोव्हेंबर

तुळसाबाई, जयभीम.

तूप लावलं. तिनं चाटलं आणि पंजे माझ्या उशीला पुसले.

डॉक्टरांनी छातीचा पट्टा दिला आहे, त्याला लांब दोरी. पहिले आठ दिवस पट्टा नुसता तिच्या ताटलीजवळ ठेवायचा होता. मग पाठीवर टाकून काढून घ्यायचा. मग बांधायचा, पण दोरी न लावता. बांधला त्या दिवशी टर्बी मेल्यासारखी आडवी पडली. पाय ताठ. मी घाबरले. डॉक्टरांना फोन केला तर त्या हसल्या, म्हणाल्या, "काकू, नाटक करून राहिली ती. बाजूला खाऊ ठेवा." खाऊ ठेवला तर पडल्या पडल्या मान लांब करून खाल्ला. चौथ्या दिवशी चालायला लागली, पण मागं मागं. भिंतीला पाठ टेकली की थांबायची आणि माझ्याकडं बघायची, आता काय करू म्हणून.

मागच्या सोमवारी पुढचं दार उघडून पायरीवर बसले. आमचं पुढचं दार थेट रस्त्यावर आहे. पाच मिनिटं बसायचं आणि आत यायचं, असा बेत होता. टर्बी माझ्या मांडीत. शेजारच्या हर्षानं गाडी काढता काढता विचारलं, "काय काकू, मांजरीले बांधून ठेवून राहिल्या का? बकरी आहे का ते?" मी म्हटलं, "हो, दूध हवं असेल तर उद्या भांडं घेऊन ये." ती हसली, मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी कोणाला उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात कोणी तरी दिवाळीचा उरलेला फटाका लावला. पाठोपाठ दोन कुत्रे धावत आले. टर्बी माझ्या मानेवरून वर चढली, मागं सरकून पट्ट्यातून निसटली आणि हर्षाच्या मोटारीखाली गेली. तीन तास. मी रस्त्यावर पोटावर पडून तिला बोलावत होते. चार लोक जमले, सल्ले देऊन गेले. शेवटी तिची ती बाहेर आली, पोट घासत, आणि मी घरात घेऊन दार लावलं. आता पुढचं दार वाजलं तरी पलंगाखाली जाते.

मानेवरचे ओरखडे भरत आले. काल बाजारात गेले, भाजी आणली, फोडणीला गोडलिंब आणला. तेवढंच बाहेर जाणं. बाकी दिवसभर आम्ही दोघी. स्वयंपाकघरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. कपडे पंख्याखाली वाळवते, त्यांना वास येतो. घरात फिरायला सोळा पावलं आहेत, टर्बीला जरा जास्त पडत असतील.

दुसरा काही उपाय असला तर सांगा.

दीपमाला


खापरखेडा
१७ नोव्हेंबर

दीपा,

बकरीचं वाचून मी एवढी हसली की भाचसून पाहायले आली. पण बाकीचं वाचून हसू आलं नाही.

तू लोकांच्या भेवानं घरात बसून राहिली असं मले वाटत होतं, म्हणून मागच्या पत्रात तसं लिहिलं. आता वाटते तसं नाही. हर्षाले तू चांगलं टोलवलं.

मग मले सांग. मी गृहप्रवेशाले आली होती तुझ्या घरी. स्वयंपाकघराच्या मागं अंगण होतं. भिंत होती छातीएवढी. दोरी होती कपड्याची. कुत्रं यायले जागा नव्हती. कोपऱ्यात गोडलिंबाचं झाड होतं अन् आनंदरावानं त्याची फांदी तोडून माझ्या पिशवीत टाकली होती.

मांजर रस्त्यावर कायले नेते? कपडे पंख्याखाली कायले? अन् गोडलिंब इकत कायले आणते? झाड मेलं का?

तुळसा


नंदनवन
२ डिसेंबर

तुळसाबाई, जयभीम.

उशीर झाला. टर्बीला ताप होता, दोन सुया झाल्या. आता बरी आहे, पण पोटाचं तसंच.

रविवारी प्रशिक आला होता. तो मिहानमध्ये नोकरीला आहे आणि तिकडंच फ्लॅट घेतला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या ओळखीतल्या धम्मानंदचं कामठीच्या पुढं शेत आहे, तिथं गोदाम आहे. टर्बीला तिथं सोडायचं म्हणतो. "आई, मोकळी राहीन ती. इथं तू बी कोंडली, ते बी कोंडलं." मी म्हटलं, ती झुरळाला भिते रे. गोदामात ती काय करेल? तर म्हणाला, "शिकन. नाही तं इथं केस उपटून मरन." मग हळूच म्हणाला की टर्बीचं झालं की मीही त्याच्याकडं यावं, अकराव्या मजल्यावर.

त्यानं तारीख ठरवली आहे. २९ डिसेंबर, रविवार. तोवर टर्बी बाहेर जायला लागून सुधारली तर राहील. नाही तर तो टोपली घेऊन येणार आहे. पोरगा वाईट नाही. मला असं डोळ्यांसमोर पाहणं त्याला सहन होत नाही.

सत्तावीस दिवस उरले.

दीपमाला


खापरखेडा
९ डिसेंबर

दीपा,

मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. तू एकीचंही उत्तर दिलं नाही. रजिस्टरमध्ये कोणी रकाना कोरा सोडला तं मी पान पुढं सरकू देत नसे.

मागच्या दाराचं काय झालं? तेवढंच लिही. बाकी काही नको.

तुळसा


नंदनवन
१४ डिसेंबर

तुळसाबाई,

लिहिते.

झाड आहे. मेलं असेल तर मला माहीत नाही. मागचं दार ११ फेब्रुवारीपासून उघडलेलं नाही.

हे निवृत्त झाले तेव्हा मेंटेनन्सच्या लोकांनी हारासोबत गंमत म्हणून एक टिनाची पाटी दिली होती. नवी करून आणलेली, लाल, वर पांढरी अक्षरं: सावधान, माणूस काम करत आहे, चालू करू नका. खाली नाव आणि तारीख लिहायला जागा. ते म्हणाले होते, आता घरी लावा, वहिनी मध्ये हात घालणार नाहीत. सगळे हसले. पण यांनी ती खरंच वापरली. मिक्सर उघडला की पाटी. मोटर दुरुस्त करत असले की स्वीचला पाटी. आणि प्रत्येक वेळी मला सांगायचे, जसं क्वार्टरमध्ये सांगायचे, "ज्यानं लावली त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावला की आतला माणूस मरतो."

एकतीस वर्षं ते बॉयलरमध्ये शिरत होते आणि संध्याकाळी घरी येत होते. का येत होते? बाहेर लटकलेल्या पाटीला कोणी हात लावला नाही म्हणून. डबा भरताना मी रोज त्या पाटीचा विचार करायची. तुम्ही देवाला मानत नव्हत्या, मीही नाही. पण त्या पाटीला मानत होते.

मी पहिल्या पत्रात जी सकाळ लिहिली ती शेवटची. ते अंगणावर जाळी बांधत होते. टर्बीसाठीच. भिंतीपासून वर तारेची जाळी, म्हणजे तिला उन्हात बसता येईल आणि बाहेर उडी मारता येणार नाही. भिंतीवर खांब रोवायला सिमेंट कालवलं होतं. मांजर मध्येच सुटू नये म्हणून दाराच्या आतल्या कडीला पाटी लावली, खडूनं नाव लिहिलं, ११/२ लिहिलं. चहाला आत आले, पण काम संपलं नव्हतं म्हणून पाटी तशीच ठेवली. अर्धा कप प्यायले. म्हणाले, छाती जड वाटते. प्रशिक गाडी घेऊन आला. चप्पल मागं अंगणात राहिली, ते दवाखान्यात अनवाणी गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

घर भरलेलं होतं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी मी धुण्याची बादली घेऊन दारापाशी गेले आणि पाटी दिसली. तेव्हापासून तशीच आहे. धूळ पुसताना पाटीच्या बाजूनं पुसते, खडू पुसला जाऊ नये म्हणून.

मला वेड लागलेलं नाही. ते बाहेर नाहीत हे मला माहीत आहे. मीच त्यांना शेवटचं पाणी पाजलं. पण पाटी आहे तोवर आत माणूस आहे, असं मी एकतीस वर्षं शिकले. ती मी कशी काढू? मी लावली नाही.

त्या रविवारी प्रशिकचं यावरूनच बिनसलं. तो पाटीजवळ गेला, म्हणाला, "आई, टिनाचा तुकडा आहे तो." मी ओरडले, "हात लावू नको! तू लावली का?" त्यानं हात मागं घेतला. "मग कोण काढन?" मी म्हटलं, "ज्यानं लावली तो." तो खुर्चीवर बसला. मग टोपलीचं बोलला.

टर्बीला पाहिजे ती जागा तीन पावलांवर आहे. तिच्यासाठीच बांधलेली. आणि ती दाराच्या फटीला नाक लावून बसते. मला दिसतं सगळं. हात उचलत नाही.

दीपमाला


खापरखेडा
१९ डिसेंबर

दीपा,

तुझं पत्र वाचून मी उठून बाहेर जाऊन बसली. आता आत येऊन लिहून राहिली.

नियम तुले अर्धाच माहीत आहे. तुझी चूक नाही. माणूस घरी येऊन अर्धाच सांगते. उरलेला अर्धा मले माहीत आहे, आत कामाले शिरायच्या परमिटचं रजिस्टर नऊ वर्षं माझ्या टेबलावर होतं.

ज्यानं लावली त्यानंच काढायची, बरोबर. पण तो येऊच शकत नसन तं? एकदा केशव नावाच्या फिटरनं सकाळी पाटी लावली अन् दुपारी त्याले हुडहुडी भरून ताप आला. गाडीनं घरी पोचवला. पाटी वाफेच्या लाइनच्या वालवर राहिली. शिफ्टचा साहेब नवा होता, तिशीचा, बारका. म्हणाला, लाइन पाहिल्याशिवाय पाटीले हात नाही. त्यानं टॉर्च घेतला अन् मले म्हणाला, रजिस्टर घेऊन चला. आम्ही खालून वरपर्यंत चढलो. माणूस शिरू शकते अशा प्रत्येक जागी तो थांबे अन् हाक मारे, "केशव! केशव, आत आहे का?" मले हसू आलं. म्हटलं, साहेब, केशव तं घरी पेज पिऊन राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "मले माहीत आहे तुळसाबाई. पाटीले माहीत नाही."

मग मी हसली नाही.

सगळी जागा पाहून झाली, केशवची पक्कड अन् पाने मोजून बाहेर आणले, तेव्हा त्यानं मले लिहायले लावलं: परमिटधारक येऊ शकत नाही. जागा पाहिली. हाक मारली. उत्तर नाही. अवजारं मोजली. लाइन मोकळी. खाली त्यानं सही केली, बाजूले मी. मग त्यानं स्वतःच्या हातानं पाटी काढली. आपल्या अंगावर घेतलं त्यानं. नियम मोडला नाही, पुरा केला.

आता तू कर. एकटी नको, एकजण पाहते अन् दुसरा लिहिते असंच असते. प्रशिक २९ले येऊनच राहिला आहे, त्याले वही दे. दार उघडायले पाटी काढावी लागत नसन तं लटकू दे, आधी जागा पाहा. कोपरा सोडू नको. जे त्यानं नेलं ते सगळं मोजून आत आण.

अन् हाक नावानं मारायची. "अहो" चालत नाही, "प्रशिकचे बाबा" चालत नाही. पाटीवर जे नाव लिहिलं आहे तेच. तू अडतीस वर्षं ते नाव घेतलं नाही हे मले माहीत आहे, अन् एवढ्या पत्रांत तुझ्याकडून एकदाही आलं नाही हेही पाहून राहिली. घ्यावं लागन. तीनदा.

एक राहिलं. काम अर्धं असन तं जुन्या पाटीवर ते पुढं चालत नाही. नवी पाटी, नव्या माणसाच्या नावानं.

माझा मालक गेला तेव्हा मले हे कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याचा रिकामा डबा दोन वर्षं रोज घासत होती.

तुळसा


नंदनवन
३१ डिसेंबर २०२४

तुळसाबाई, सप्रेम जयभीम.

प्रशिक रविवारी दहाला आला. हातात झाकणाची टोपली, त्यात पायलचा जुना स्वेटर अंथरलेला. टर्बी टोपली पाहून पलंगाखाली गेली. मी त्याला टोपली खाली ठेवायला सांगितली आणि वही-पेन दिलं. तुमचं पत्र वाचायला दिलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून परत वाचलं. म्हणाला, "आई, मी मारतो हाक." मी म्हटलं, "नाही. तू लिही."

कडी गंजली होती. प्रशिकनं वरून तेल सोडलं. पाटी कडीवरच होती, कडी सरकताना तिचा आवाज झाला, खण असा. दार ढकललं तर अर्धंच उघडलं, बाहेरून काही तरी अडत होतं. मी अंग चोरून बाहेर गेले. गोडलिंबाची रोपं होती ती. झाड भिंतीच्या वर गेलं आहे आणि खाली फरशीच्या फटीफटीतून त्याची पिल्लं उगवली आहेत, गुडघ्याएवढी. सगळीकडं तोच वास.

उजेड एवढा होता की मला आधी काही दिसेना.

मी भिंतीच्या कडेनं गेले. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. प्रशिक दारात वही धरून उभा होता. घसा खाकरला. परत तेच. अडतीस वर्षांत कोणी मला अडवलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. जिभेला कधी वळलं नाही एवढंच. मग मी पाटीवरचं अक्षर डोळ्यांपुढं आणलं आणि पुडीवरचं वाचायची तसं एकेक करून वाचलं. आ. नं. द. रा. व.

"आनंदराव."

पाण्याच्या मोटरच्या खोलीत वाकून पाहिलं. "आनंदराव, आत आहे का?" टाकीच्या मागं पाहिलं. "आनंदराव." तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं निघालं. हर्षाच्या घरातली भांडी वाजायची थांबली.

मी उभी राहिले. लगेच लिही म्हणायचं नाही, उत्तराला वेळ द्यायचा, असं वाटलं. भिंतीवर एक चिमणी होती. मग मी प्रशिकला म्हटलं, "लिही. हाक मारली. उत्तर नाही."

त्याला लिहिता येईना. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि लिहिलं.

अवजारं मोजली. थापी एक. घमेलं एक, त्यात सिमेंट तसंच थापून दगड झालेलं. पक्कड एक. तारेचं बंडल अर्धं. चप्पल जोड एक, दाराशी, बोटं घराकडं करून. आणि भिंतीवर खांबाला टेकून त्यांचा चष्मा. तो आम्ही दवाखान्यात किती शोधला होता. नर्सवर प्रशिक चिडला होता. काचेवर कोळ्यानं घर केलं होतं. प्रशिकनं वहीत लिहिलं, चष्मा एक, आणि मग तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मुलगा केवढा उंच झाला आहे, मला घरात कधी कळलं नव्हतं.

तीन बाजूंनी जाळी पूर्ण आहे. हर्षाच्या बाजूची चार हात राहिली आहे.

मी सही केली. प्रशिकनं बाजूला केली. मग मी आत येऊन पाटी काढली. हलकी आहे हो. मला वाटलं होतं जड असेल.

टर्बीचं सांगायचं राहिलं. आम्ही पट्टा बांधून दोरी माझ्या हातात ठेवली आणि दार उघडं टाकून बसलो. अर्ध्या तासानं ती पलंगाखालून आली. उंबऱ्यावर आली. एक पंजा बाहेर ठेवला, मागं घेतला, चाटला, परत ठेवला. पुढचे दोन पाय उन्हात आणि मागचे दोन घरात, अशी बसली. बाहेर गेली नाही. आतही आली नाही. मी ओढलं नाही. प्रशिक तासभर तिच्याकडं बघत बसला. जाताना म्हणाला, "टोपलं घेऊन जातो, इथं कायले पाहिजे?" त्यात गोडलिंब भरून घेऊन गेला. अकराव्या मजल्याचं काही बोलला नाही. परत बोलेल. तेव्हाचं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सकाळची कामं आटोपल्यावर मी पाटीवरचं खडूचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. त्या जागी दीपमाला लिहिलं, ३०/१२ लिहिलं. टर्बीला स्वयंपाकघरात ठेवलं, पाटी आतल्या कडीला लावली, बाहेर जाऊन दार लोटून घेतलं आणि उरलेली जाळी बांधली.

दीपमाला